दहाच्या वर

रूपराव झाड्यांचा एखाद्या गोष्टीवर पहिल्या झटक्यात विश्वास बसला, असं वडनेरच्या पंचक्रोशीत कुणी कधी ऐकलं नव्हतं. औषधाची गोळी ते आधी हुंगायचे, मग गिळायचे. भाचीच्या सोयरिकीला गेले तेव्हा मुलाकडच्यांनी चहा पुढे केला, आणि हे उठून आधी त्यांच्या मोरीतला नळ सोडून पाणी येतं का ते पाहून आले. माणूस वाईट नव्हता. तीस वर्षं कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून काढली होती, आणि ग्रेडर विश्वास ठेवायला लागला की गोदामात ओला कापूस जातो. गाडीच्या वरच्या थरात पांढराशुभ्र माल दिसला की शेतकरी हसायचा, आणि रूपराव बाही सरकवून खांद्यापर्यंत हात आत घालायचे. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी खोड गेली नव्हती. आता गाड्या नव्हत्या, तर ते माणसं तपासायचे.

म्हणून माघ महिन्यातल्या त्या रविवारी शाळेत शिबिर लागलं तेव्हा सगळ्यांच्या आधी रूपराव हजर झाले. तपासून घ्यायला नव्हे, तपासायला.

शिबिर घेऊन आली होती मयुरी. प्रेमदास थूलांची मोठी मुलगी, याच शाळेत शिकलेली, आता नागपूरच्या एका संशोधन संस्थेत कामाला. हे प्रेमदास म्हणजे खरेदी केंद्रावरचे काटेवाले. रूपराव कापूस पाहायचे आणि प्रेमदास तो तोलायचे, अशी बावीस वर्षांची जोडी. मयुरीला रूपरावांनी फ्रॉकमध्ये पाहिलेलं. पण त्यामुळे तिची मशीन खरी ठरते असं थोडंच आहे?

"हे काय व्हय?" त्यांनी टेबलावरची बोटाएवढी पट्टी उचलून उन्हात धरली.

"काका, शुगर तपासाची पट्टी राह्यते ना, तशीच हे," मयुरी म्हणाली. "याच्यावर सोन्याचे कण बसवले हायत. एका केसाच्या जाडीत हजारो मावतीन, एवढे बारीक. लघवीचा थेंब टाकला की त्याच्यातलं एक द्रव्य ते कण पकडते, अन् ही मशीन आकडा सांगते."

"कायचा आकडा?"

"आतड्याचा एक कॅन्सर हाय. लाखात दोन-चार माणसांले होते. त्याची गाठ ते द्रव्य सोडत राह्यते, अन् वर्षानुवर्षं कोणाले पत्ता लागत नाई. आकडा दहाच्या आत असला म्हणजे माणूस चांगला."

"लाखात दोन-चार. अन् तू आली आमच्या हजार-बाराशेच्या गावात."

मयुरी हसली. "आमाले चांगलीच माणसं पाह्यजे, काका. चांगल्या माणसाचा आकडा किती राह्यते, ते आधी मोजाचं हाय. मी म्हटलं, आपल्याच गावात करू."

"पैसे?"

"काही नाई. फुकट."

झालं. त्या एका शब्दानं रूपरावांच्या मनात पाल चुकचुकली. सोनं लावलेली पट्टी आणि फुकट! वर्गाच्या दाराशी उभ्या असलेल्या, गावातल्या उचापत्या चिंधूनं फक्त 'सोनं' एवढंच ऐकलं, आणि त्यानं दिवसभरात वापरलेल्या चार पट्ट्या डब्यातून लंपास करून संध्याकाळी चुलीत वितळवायचा प्रयोग केला. निघाला काळा धूर. पण हा चिंधूचा मामला झाला.

रूपरावांनी बाटली भरून दिली ती मशीनला रंगेहात पकडायचं म्हणून. मयुरीनं फॉर्म काढून त्यांना, आणि त्यांच्यामागे रांगेतल्या एकेकाला, बारा-पंधरा प्रश्न विचारले: दारू पिता का, गोळी कोणती चालू आहे, तीन दिवसांत वांगं, टमाटर, केळं, अननस खाल्लं का. हे खायचं नाही असं अंगणवाडीच्या ताईंनी आठ दिवस आधीपासून घरोघरी सांगितलं होतं. सगळ्यांनी सांगितलं, नाही. रूपरावांनीही सांगितलं, नाही. कोकिळाबाई, म्हणजे रूपरावांच्या पत्नी, त्याही बायकांच्या रांगेत बाटली घेऊन उभ्या होत्या. शेजारणी गेल्या म्हणून गेली असेल, असं रूपरावांना वाटलं.

पुढच्या रविवारी चिठ्ठ्या आल्या. एकशे बारा माणसांची तपासणी झाली होती. चिठ्ठीवर नाव, आणि खाली एकच ओळ: 'दहाच्या आत' किंवा 'दहाच्या वर'. रूपरावांनी आपली उघडली. दहाच्या वर. कोकिळाबाईंची उघडली. तीही दहाच्या वर.

खोटं कशाला सांगायचं, माणूस घाबरला. मशीन खोटी असणार असं आठ दिवस सांगत फिरणाऱ्या माणसाला आपली चिठ्ठी पाहून घाम फुटला, आणि बायकोची पाहून तो खाली बसला. पण मग आजूबाजूला पाहतात तो काय, शेजारच्या घरात वर, पलीकडच्या घरात वर, मारुतीच्या देवळाकडच्या आळीत जिकडेतिकडे वर. एकतीस माणसं दहाच्या वर!

मयुरीचा चेहरा उतरला होता. "घाबरू नका," ती शाळेच्या ओट्यावरून पुन्हा पुन्हा सांगत होती. "एका गावात एकतीस होऊच शकत नाई. काहीतरी गडबड हाय. पट्ट्या उन्हानं बिघडल्या असतीन. सगळ्यांची परत तपासणी करू, मंग पाहू नागपूरले कोणाले न्यावं लागते का ते."

लोकांनी त्यातला 'नागपूर' तेवढा ऐकला. "म्हणजे मोठ्या दवाखान्याचे दलाल व्हय हे," चिंधू ओरडला. "आधी फुकट तपासतीन, मंग जमीन इकाले लावतीन!"

रूपराव ओरडले नाहीत. ते घरी गेले, जुन्या कॅलेंडरचं पान फाडलं, आणि गावभर फिरून एकतीस नावं लिहून आणली. जेवणही नाही, पाणीही नाही. यादी पुरी झाली तेव्हा त्यांना एक गोष्ट दिसली आणि त्यांचे डोळे बारीक झाले. गावातल्या बौद्ध वस्तीतल्या चाळीस माणसांनी तपासणी केली होती. त्या चाळिसातलं एकही नाव यादीत नव्हतं.

इथं रूपरावांची अक्कल पेंड खायला गेली, हे मी स्पष्टच सांगतो. तीस वर्षं ज्यानं प्रत्येक गाडीत खांद्यापर्यंत हात घालून पाहिला, त्याला आपल्या मनातल्या शंकेत हात घालून पाहायचं सुचलं नाही. मयुरी त्या वस्तीतली, म्हणून तिकडचे सगळे 'आत' आणि इकडचे 'वर', असा सरळ हिशेब त्यांनी मांडला, आणि पारावर तो बोलून दाखवला. दुपारपर्यंत पारावर भलतंच सुरू झालं. जे कित्येक वर्षं कुणी तोंडावर बोलत नव्हतं, ते लोक मोठ्यानं बोलायला लागले. कुणी म्हणालं पोरीला शिबिराचं टेबल लावू देऊ नका, कुणी म्हणालं अंगणवाडीच्या ताईपण तिकडच्याच. रूपरावांना ते ऐकून जरा कसंनुसं झालं. पण यादी हातात होती आणि यादी खोटी नव्हती.

ते प्रेमदासांकडे निघाले. कोकिळाबाई दारात आडव्या आल्या.

"कुठी चाल्ले जी?"

"प्रेमदासच्या घरी. जाब इचाराले."

"ते पोरगी तशी नाई. मी सांगून राह्यली ना."

"तुले काय समजते त्याच्यातलं?"

कोकिळाबाईंचा चेहरा एकदम लालबुंद झाला, गळ्यापर्यंत. रागावली, रूपरावांच्या मनात आलं. अलीकडे ती बसल्या बसल्या रागवायची. ते बाजूनं निघून गेले.

प्रेमदास अंगणात खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. पारावरचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोहोचलं असावं, कारण त्यांनी 'या' म्हटलं नाही, नुसतं पाहिलं. रूपरावांनी यादी त्यांच्यासमोर धरली आणि एका दमात सगळं सांगितलं. प्रेमदासांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग सुपली बाजूला ठेवली.

"बावीस वर्षं मी काट्यावर होतो, रूपरावभाऊ. तुमच्या डोळ्यासमोर. एक दिवस तरी काटा मारला का?"

"नाई."

"मंग माह्यी पोरगी मारीन?"

रूपरावांनी यादीकडे बोट दाखवलं. "पण मंग हे काय व्हय? एकतीस इकडचे, अन् तिकडचा एक नाई."

"ते मले नाई मालूम," प्रेमदास म्हणाले. "पण मले एक याद हाय. एका दिवशी चवदा गाड्या एकामागून एक ओल्या निंगाल्या होत्या. तुमी कास्तकारांले चोर म्हटलं का?"

"नाई."

"काय म्हटलं होतं?"

"म्हटलं, कोण्या रस्त्यानं आले?"

"अन्?"

"सगळे कालव्याच्या रस्त्यानं आले होते. कालवा फुटला होता."

"मंग आता तेच इचारा. हे एकतीस कोण्या रस्त्यानं आले?"

रूपराव खाटेच्या कडेवर टेकले. आता शंका घेणं थांबलं होतं, काम सुरू झालं होतं. त्यांनी यादी मांडीवर पसरली. पाणी? बोअर एकच, दोन्ही वस्त्या तेच पितात. किराणा? दुकान एकच. मग त्यांनी यादीतली चुकार नावं शोधली. चिंधूचं घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, पण तो 'वर'. म्हातारी कमलाबाई अगदी मारुतीच्या देवळाला लागून राहते, तिच्या घरातले सगळे 'वर', ती एकटी 'आत'. असं का? कमलाबाई शनिवारी, म्हणजे शिबिराच्या आदल्या दिवशी, कारंज्याला लेकीकडे गेली होती. रविवारी सकाळच्या गाडीनं परत आली. आणि चिंधू शनिवारी...

"चिंधू शनिवारी रोडग्याले होता," रूपराव मोठ्यानं म्हणाले. "कमलाबाई नव्हती."

शनिवारी देवळात नवसाचे रोडगे होते. गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजलेले कणकेचे गोळे, वरण, आणि वांग्याची भाजी, ही आपल्याकडची दरसालची पंगत. आळीतलं घरटी माणूस तिला होतं. बौद्ध वस्तीतले लोक मारुतीच्या नवसाला येत नाहीत, हे सगळ्या गावाला ठाऊक.

आतून मयुरी बाहेर आली. तिचे डोळे सुजलेले होते. दारामागून तिनं सगळं ऐकलं होतं.

"काका, रोडग्यासंग काय होतं?"

"राहीन काय? वांग्याची भाजी. टमाटर टाकून. अन् मारुतीपुढचा केळ्याचा शिरा."

मयुरीनं कपाळावर हात मारला. "वांगं, टमाटर, केळं! काका, हे खाल्लं की तेच द्रव्य वाढते! कॅन्सर नसला तरी आकडा वर जाते! म्हणून तं मी एकेकाले इचारलं, तीन दिवसांत खाल्लं का म्हणून! तुमाले पण इचारलं, तुमी 'नाई' म्हटलं!"

"नाईच खाल्लं," रूपराव म्हणाले, आणि त्यात लबाडी तसूभरही नव्हती. "भाजी घरी आणलीच नाई आठ दिवस. तो तं प्रसाद होता."

"प्रसाद म्हणजे खाणंच झालं ना, काका!"

"असं कसं? प्रसाद खाण्यात धरत नसते, बाई. उपासालेही चालते."

मयुरी आधी त्यांच्याकडे पाहत राहिली, मग हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. आठ दिवस ती झोपली नव्हती. संस्थेतले लोक तिलाच विचारत होते की तू काय घोळ घातलास. प्रेमदासही हसले, पण रूपरावांकडे न पाहता.

हे काम आपण निस्तरायचं, हे रूपरावांना सांगावं लागलं नाही. ते मयुरीला घेऊन पारावर आले, आणि ज्या तोंडानं सकाळी बोलले होते त्याच तोंडानं म्हणाले, "पोरीचं काही चुकलं नाई. मशीनचंही नाई. आपलं चुकलं. अन् सगळ्यात जास्ती माह्यं चुकलं." मग वांग्याची गोष्ट सांगितली. पारावर हास्याचा असा लोट उठला की देवळातला पुजारी बाहेर येऊन पाहू लागला. एकतीस माणसांवरचं सावट उतरलं होतं. सकाळी जे भलतंसलतं बोलले होते ते आता सगळ्यात मोठ्यानं हसत होते. तेवढं मात्र रूपरावांना खुपलं.

मयुरी आपली छापील यादी घेऊन पाराच्या कडेला बसली होती. "म्हणजे हे एकतीसही जण पंगतीत जेवले होते ना, काका?"

"एकूणएक. मी सोता वाढाले होतो."

तिनं यादी वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचली. "सगळे?"

"सगळे म्हटलं ना. काट सगळी नावं."

"बरं," मयुरी म्हणाली, आणि पेन काढून रेघा मारू लागली. पोरगी एकच गोष्ट दोनदा विचारते, रूपरावांच्या मनात आलं, ग्रेडर झाली असती.

घरी येताना त्यांचं पाऊल हलकं पडत होतं. दिवसभरात पहिल्यांदा भूक लागली. कोकिळाबाई ओसरीवर दळणाचे गहू निवडत बसल्या होत्या. रूपरावांनी चपला काढायच्या आत सुरुवात केली. प्रेमदास काय बोलले, चौदा गाड्या, कमलाबाईची एस. टी., केळ्याचा शिरा, सगळं रंगवून सांगितलं. कमलाबाईचा किस्सा आला तेव्हा कोकिळाबाई हसल्या. मग ताटातल्या गव्हांवर हात फिरवत राहिल्या.

"म्हणजे ज्यानं वांगं खाल्लं, त्याचा आकडा खोटा," त्या म्हणाल्या.

"हो ना."

"अन् ज्यानं खाल्लं नसन, त्याचा?"

"तसं कोणी हायच नाई. सगळे पंगतीत होते. तू नव्हती का? माह्यासंगच तं वाढत होती."

"वाढत होती," कोकिळाबाई म्हणाल्या. "जेवली नाई."

रूपराव हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की ती हसत नाही.

"घासभर तरी खाल्लं असन."

"नाई."

"भाजी चाखली असन. मीठ पाहाले."

"मीठ शेजारच्या चंद्रकलानं पाह्यलं."

"शिरा तं घेतला. मी पाह्यला तुह्या हातात."

"घेतला. प्रसादाले नाई म्हणता येत नाई. पदरात बांधला अन् घरी येऊन गाईले देल्ला."

"घरी येऊन टमाटर? वरणात टमाटर टाकलं होतं?"

"त्या दिवशी चूलच पेटवली नाई जी. पंगत होती ना."

"केळं? आदल्या दिवशी? दोन दिवसाआधी?" रूपरावांचा आवाज चढला. तीस वर्षं त्यांनी माणसांना प्रश्न विचारले होते ते त्यांचं खोटं बाहेर काढायला. आज पहिल्यांदाच समोरचं माणूस खोटं बोलत असावं, विसरलेलं असावं, त्यानं एखादी फोड चुकून तोंडात टाकलेली असावी, म्हणून त्यांचा जीव कासावीस झाला होता. "नीट याद कर, कोकिळा. एखादी फोड. एक घास. कवातरी खाल्लं असन."

"दोन वर्षं झाले, मी ताकभाकरीबिगर काही खाल्लं नाई," कोकिळाबाई म्हणाल्या. "दुसरं काही खाल्लं की थांबतच नाई पोटात. चार-चार डाव जावं लागते. पंगतीत बसलं अन् मधातच उठावं लागलं तं? म्हणून मी वाढाले उभी राह्यतो. वाढणारीले कोणी इचारत नाई, तू जेवली का म्हणून."

रूपराव तिच्याकडे पाहत होते. ओसरीवर उजेड होता. ब्लाउजची बाही दंडावर सैल झाली होती, गळ्याजवळची हाडं वर आली होती. हे कधी झालं? दोन वर्षं ही बाई रोज त्यांच्या पुढ्यात ताट ठेवत होती.

"अन् तोंड लाल होते तुह्यं," ते हळूच म्हणाले. "ते..."

"भट्टी पेटते आतमधी. मंग जाते. तुमाले वाटते मी रागावली."

"सांगतलं काऊन नाई मले?"

"सांगतलं होतं. मागच्या दिवाळीत." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि तेच रूपरावांना सोसेना. "तुमी इचारलं, किती डाव होते? कवा होते? काय खाल्ल्यावर? कोणी पाह्यलं का? मले बराबर सांगता नाई आलं. मंग तुमी म्हटलं, काही नसन."

रूपरावांना ती दिवाळी आठवली. ते पेपर वाचत होते. पेपर खाली न ठेवता त्यांनी विचारलं होतं. माल पाहिला, नापास केला, पुढची गाडी. त्यांचे डोळे भरून आले. लाज वाटली, भीती वाटली, आणि ती दोन्ही लपवायला जागा नव्हती.

"मी बाटली देली ना शिबिरात," कोकिळाबाई म्हणाल्या, जणू त्यांचीच समजूत घालत होत्या. "म्हटलं, मशीन तं उलटं इचारणार नाई."

रूपराव उठले. चपलेत पाय नीट जाईना. तसेच निघाले. पारावर अजून माणसं होती, कुणीतरी 'काय ग्रेडरसाहेब, वांगं खाता का?' म्हणून हाक मारली, पण त्यांनी मान वळवली नाही.

मयुरी अंगणात मशीन पेटीत भरत होती. प्रेमदास खाटेवर होते तिथंच होते. रूपरावांना पाहून बापलेक दोघंही उठून उभे राहिले.

"पोरी, एक नाव परत लिवा लागते," रूपराव म्हणाले. "मी खोटं सांगतलं. म्हणजे मले मालूम नव्हतं."

मयुरीनं पेटीतून यादी काढली आणि त्यांच्यासमोर धरली. तीस नावांवर रेघा होत्या. एकतिसाव्या, कोकिळाबाईंच्या नावावर रेघ नव्हती. त्याच्यापुढे आकडा होता, एकशे चार.

"बाकी सगळ्यांचे आकडे चवदापासून अठ्ठावीसपर्यंत हायत, काका," ती म्हणाली. "ते वांग्याचे. काकूचा वांग्याचा वाटेना मले. पण चार लोकांत इचारवेना, म्हणून तुमालेच दोनदा इचारलं. आत्ता मी घरीच येणार होती."

"मंग... हेच हाय का ते?"

"मी नाई सांगू शकत. आधी नागपूरच्या लॅबमधी पक्की तपासणी करू, पोटाचा स्कॅन करू. पट्टी चुकू शकते. अन् असलं तरी ही गाठ हळूहळू वाढते, औषधं हायत, ऑपरेशन हाय. पण आता दिवस घालवाचे नाई. उद्या सकाळी मी गाडी घेऊन येतो."

पट्टी चुकू शकते, असं ती स्वतः म्हणाली होती. शंका घ्यायला यापेक्षा चांगली जागा रूपरावांना आयुष्यात कुणी दिली नव्हती. पण त्यांनी ती घेतली नाही; मान हलवून उद्याला होकार दिला.

प्रेमदासांनी खाटेवरची सुपली उचलून त्यांना बसायला जागा केली. रूपराव बसले. मयुरीनं नवा फॉर्म काढला, पेनचं टोपण उघडलं आणि त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

"काकूले हा त्रास कवापासून हाय?"

"मले नाई मालूम," रूपराव म्हणाले.

"दिवसातून किती डाव?"

"नाई मालूम."

"वजन किती उतरलं असन?"

रूपरावांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

"मले काही इचारू नको, पोरी," ते म्हणाले. "घरी चाल, तिले इचार. ती सांगीन ते सगळं लिवजो. ती खरं सांगते."